कंबळ : रेडे तेरा सेकंद धावतात, त्याच्या आधीचं काय?

तांबडी_माती :
गेल्या हिवाळ्यात दक्षिण कन्नड जिल्ह्यातलं एक कंबळ बघून आले. गावाचं नाव मुद्दाम देत नाहीये, कुठल्या एका गावाची तक्रार करायची नाही म्हणून. आमच्या बिल्डिंगखाली हॉटेल चालवणाऱ्या अण्णांच्या गावच्या घरी रेड्यांची जोडी आहे, मुंबईत इडली-डोसा विकून गावाकडे रेडे पोसणारी बरीच मंडळी आहेत तशातले ते, त्यांच्या घरच्यांबरोबर गेले होते.

माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात. भाताचं पीक निघालं की नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत तुळुनाडूत, म्हणजे मंगळूर-उडुपी पट्टा आणि खाली कासरगोडपर्यंत, रेड्यांच्या शर्यती होतात. चिखलपाण्याचे दोन समांतर ट्रॅक असतात, त्याला जोडुकरे म्हणतात, लांबी १२० ते १६० मीटरच्या दरम्यान. प्रत्येक ट्रॅकवर एक जोडी आणि मागे एक माणूस, अनवाणी, उघडा, हातात वेताचा चाबूक. बारा-चौदा सेकंदांत खेळ खलास. रील्समध्ये आपण बघतो ते तेवढंच.

पण मी उभी होते सुरुवातीच्या टोकाला. एक जोडी आणली, उजवीकडचा रेडा वळेचना. शिंगाला दोघं, वेसणीला एक, शेपटीशी एक. ओढून ओढून सरळ केला तोवर डावीकडचा फिरला. शेजारच्या ट्रॅकवरची जोडी तयार होती ती थांबून थांबून वैतागली आणि पुढे सरकली मग तिला मागे घेतलं, मग पुन्हा ही जोडी बिघडली. माइकवाल्याचं मालकाचं नाव, घराण्याचं नाव, मागच्या वर्षीची मेडलं सगळं दोनदा वाचून झालं. वीस मिनिटं तरी हेच. रेड्याच्या तोंडाला फेस, डोळ्याचा पांढरा भाग बाहेर दिसतोय, वर फ्लडलाइट, बाजूला बँड, आणि मधूनमधून एक सपका पाठीवर, धावायला नाही, नुसतं सरळ उभं राहायला. मग एकदम सुटले, पब्लिक ओरडलं, संपलं. वेळ रात्रीचे दोन. कंबळ सुरू झालेलं सकाळी, आणि दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तरी चालूच.

तर प्रश्न असा की 'बंदी हवी' विरुद्ध 'परंपरा आहे' हे भांडण जरा बाजूला ठेवून, यातलं नेमकं काय थांबलं पाहिजे?

बोलभांड :
मी पैला! उसैन बोल्टवाला हाच ना तो खेळ?

मिरचीचा_ठेचा :
हो तोच. श्रीनिवास गौडा, फेब्रुवारी २०२०, ऐकळचं कंबळ, १४२.५ मीटर १३.६२ सेकंदात. कुणीतरी कॅल्क्युलेटर काढून १०० मीटरला ९.५५ केलं आणि बोल्टच्या ९.५८ शेजारी ठेवून दिलं, की देशभर बोंब. क्रीडामंत्री रिजिजूंनी ट्रायलला बोलावलं पण तो गेला नाही. शहाणा माणूस. पुढे दोन रेडे ओढतायत, स्टार्टिंग ब्लॉक नाही, आणि १४२ मीटरची सरासरी काढून १०० मीटरचा विक्रम होत नसतो.

बोलभांड :
बरं बरं, इनो घेतो.

घाटावरची :
सरळ विचारते, राग मानू नका. रेडा स्वतःहून धावतो का? नाही. मग मारल्याशिवाय धावेल का? नाही. झालं की मग उत्तर. 'नेमकं काय थांबलं पाहिजे' कसलं विचारता, अख्खं थांबलं पाहिजे. सतीसुद्धा परंपराच होती.

खेडचा_बारीवाला :
आला, शहरी प्रतिसाद आला. ताई, आमच्याकडं बैलगाडा बंद होता तेव्हा खिल्लार खोंड कोण घेत होतं विचारा. बाजारात कसायाशिवाय गिऱ्हाईक नव्हतं. १६ डिसेंबर २०२१ ला सुप्रीम कोर्टानं परवानगी दिली आणि पुढच्या बाजारापासून भाव बदलले. शर्यत आहे म्हणून जनावर आहे, नायतर ट्रॅक्टरच्या जमान्यात बैल कोण पोसतंय. रेड्याचं तर अजून अवघड, म्हशीला निदान दूध तरी असतं.

घाटावरची :
म्हणजे कापला जाऊ नये म्हणून चाबूक खाल्ला तर चालेल? हे दोनच पर्याय आहेत का त्या जनावरापुढे?

कार्कळकर :
मी कार्कळचा. घरात चित्पावनी बोलतो, बाहेर तुळू, तेव्हा मराठी जरा इकडचं लागेल, सांभाळून घ्या.

आधी एक गोष्ट. कंबळ म्हणजे सरसकट शर्यत नाही. जुनी कंबळं गुत्तू घराण्यांच्या, म्हणजे जुन्या जमीनदार घराण्यांच्या, शेतातली, देवाची-भूताची (भूत म्हणजे आमच्याकडे गाव राखणारं दैवत). त्यात रेडे सजवून वाजतगाजत शेतात उतरवतात, फिरवतात, शेतात पूकरे उभा करतात म्हणजे फुलांनी मढवलेला खांब, आणि संपलं. कोण पहिला कोण दुसरा हे नाहीच. कुंदापुराकडे वंडारूचं कंबळ आहे ते असंच. टीव्हीवर दिसतात ती जोडुकरे कंबळं, त्यांना नावंही जोडीची, मूडबिद्रीचं कोटी-चेन्नया, मियारचं लव-कुश. आधी बक्षीस नारळ-केळी होतं, आता पहिल्याला दोन पवन सोनं, दुसऱ्याला एक पवन (पवन म्हणजे आठ ग्रॅम).

शर्यतीतही प्रकार आहेत. नेगिलु, म्हणजे नांगरासारखं हलकं लाकूड धरून पळायचं, यात नवीन रेडे असतात. हग्ग, नुसता दोर, यात सगळ्यात वेग. अड्ड हलगे, आडवी फळी, तिच्यावर माणूस. आणि कने हलगे, ते मला सगळ्यात आवडतं. फळीला दोन भोकं असतात, पळवणारा एका पायावर तिच्यावर उभा राहतो आणि भोकांतून पाणी कारंज्यासारखं वर उडतं. वर आडवं कापड बांधलेलं असतं, साडेसहा कोलू, साडेसात कोलू उंचीवर (कोलू हे आमच्याकडचं माप), पाणी त्याला लागलं पाहिजे. तिथे वेळ मोजतच नाहीत.

रेडे कसे पाळतात तेही सांगतो. रोज तेलाने मालिश, शिजवलेले कुळीथ, पोहायला वेगळं तळं, गोठ्यात पंखे, दोन माणसं चोवीस तास. आमच्या शेजारच्या घरी नवऱ्याला एवढं तेल मिळत नाही. शेतात एक दिवसही जुंपत नाहीत. हे प्रेम खोटं नाही.

पण तांबडी_मातींनी सुरुवातीचं लिहिलंय ते खरं आहे. आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. कंबळ समितीतही दर वर्षी बोलणं होतं की २४ तासांत संपवायचं, जोड्या सोडायला उशीर नको. होतं काय, मालक मोठा माणूस असतो, त्याच्या जोडीला 'नीट' सोडायचं असतं, दोन्ही जोड्या एका रेषेत आल्याशिवाय तो तयार होत नाही, आणि त्याला घाई कर म्हणणार कोण.

तांबडी_माती :
कार्कळकर, हेच, अगदी हेच. शेवटी लेझर बीम लावून सेकंदाचा शंभरावा भाग मोजतात आणि सुरुवातीला किती वेळ गेला याची नोंद कुठेच नाही.

गुरांचा_डॉक्टर :
मोठा प्रतिसाद आहे, चहा घेऊन बसा. कंबळाला कधी ड्यूटी केलेली नाही, पण म्हशीत आयुष्य गेलंय.

म्हशीच्या जातीला घामग्रंथी गाईबैलांच्या मानाने फार कमी, कातडी काळी आणि जाड. उष्णता बाहेर टाकायचा तिचा मार्ग म्हणजे पाण्यात डुंबणे, सावलीत बसणे आणि धापा टाकणे. म्हणून दुपारच्या उन्हातली शर्यत आणि रात्रीची शर्यत यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. उलट ट्रॅक पाण्याचा आहे हे कंबळातलं चांगलं अंग, कोरड्या कडक रस्त्यावर पळवलेल्या बैलाच्या खुरांचं आणि सांध्यांचं जे होतं ते इथे कमी होईल.

दुसरं म्हणजे तेरा सेकंद जोरात पळण्यानं धडधाकट रेड्याला काही होत नाही. शरीराला त्रास होतो तो भीतीनं आणि ती भीती किती वेळ टिकते त्यानं. म्हैस मुळात थंड जनावर, ओळखीचा माणूस, ओळखीची जागा, ठरलेली वेळ यावर चालणारं. अनोळखी गर्दी, झगझगीत लाइट, फटाके, शेजारी परका रेडा, आणि वेसणीला हिसके. वेसण म्हणजे नाकाच्या आतला सगळ्यात नाजूक भाग, चाबकाचा वळ लोकांना दिसतो, वेसणीचा हिसका दिसत नाही. फेस, डोळ्याचा पांढरा भाग, वारंवार शेण टाकणं, वळायला नकार, मटकन खाली बसणं, ही सगळी जनावर 'नको' म्हणत असल्याची लक्षणं आहेत, माजाची नाहीत. म्हशीचं नॉर्मल टेंपरेचर १०१-१०२ फॅरनहाइट. शर्यतीआधी फिटनेस सर्टिफिकेट देताना आम्ही थर्मामीटर लावतो, शर्यत झाल्यावर तासाभराने कोण लावतं? कुणीच नाही. खरी माहिती तिथे मिळते.

म्हणून माझ्या मते चाबकाचे फटके मोजण्याइतकंच हे मोजा की एक जोडी सुरुवातीच्या टोकावर किती मिनिटं धरून ठेवली.

खेडचा_बारीवाला :
डॉक्टर बरोबर बोलतायत. आमच्या घाटात, म्हणजे बैलगाड्याच्या धावपट्टीवर सुद्धा, बारी लागायच्या (पळायची पाळी यायच्या) आधी जुपणीतच बैल निम्मा दमतो. पण आमच्याकडं आता काठी-चाबूक बंद आहे, नियमात लिहिलंय.

घाटावरची :
लिहिलंय. आणि बॅटरीचा शॉक?

खेडचा_बारीवाला :
करणारे करतात, त्यांना धरा ना. आम्हीच धरून द्यायला तयार आहे.

वकील_नसलेला :
कायद्याचा घोळ थोडा सोडवतो, कारण व्हॉट्सॲपवर काहीही फिरतं.

केंद्राचा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा. त्यात कलम ११ खाली जनावराला मारहाण केली तर पहिल्या गुन्ह्याला दंड किती? कमीत कमी १० रुपये, जास्तीत जास्त ५० रुपये. हसू नका, खरंच. ७ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टानं नागराजा खटल्यात जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यती बंद केल्या, त्यात रेड्यांचा थेट विषय नव्हता पण त्याचा आधार घेऊन पेटा ही प्राणिहक्क संस्था कर्नाटक हायकोर्टात गेली आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये कंबळावर स्थगिती आली. मग जानेवारी २०१७ ला जल्लिकट्टू परत सुरू करा म्हणून चेन्नईत मरीना बीचवर आंदोलन झालं, तमिळनाडूनं कायदा बदलला, त्यांच्या मागोमाग कर्नाटक आणि महाराष्ट्रानं. कर्नाटकानं २०१७ च्या जुलैत अध्यादेश काढला आणि २०१८ मध्ये राष्ट्रपतींची सही होऊन कायदा झाला. १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले.

महाराष्ट्राच्या दुरुस्तीत नियम मोडला तर ५ लाखांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद आहे, त्याखालच्या नियमांत धावपट्टी १००० मीटरपेक्षा लांब नको असंही आहे. म्हणजे ५० रुपये आणि ५ लाख एकाच देशात.

२०२३ च्या निकालात एक गोष्ट आहे जी शर्यतवाले पण सांगत नाहीत आणि विरोधक पण सांगत नाहीत. कोर्टानं म्हटलंय की अटी काटेकोर पाळल्या जातात का हे बघायची जबाबदारी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची, म्हणजे कलेक्टरची. कागदावर आधीच आहे सगळं.

घाटावरची :
कोर्टानं वैध म्हटलं म्हणजे योग्य झालं असं नाही. याच सुप्रीम कोर्टानं २०१४ ला उलटं म्हटलं होतं. नऊ वर्षांत रेड्याची पाठ बदलली का?

वकील_नसलेला :
पाठ नाही बदलली, कायदा बदलला. तुमचा मुद्दा नैतिक आहे, मी कायदा सांगतोय, दोन्ही आपापल्या जागी.

सोलकढी :
मी रत्नागिरीची. वाचताना सारखी आमची नांगरणी स्पर्धा आठवतेय. श्रावणाच्या आगेमागे लांज्या-संगमेश्वराकडे चिखलात बैलजोड्या नांगर घेऊन पळवतात, गावठी गट वेगळा, घाटी गट वेगळा. ते तर थेट तुमच्या नेगिलुचं भावंड झालं! पण आमच्याकडे एक एक जोडी सोडतात, वेळ लावतात आणि पुढची. शेजारी दुसरी जोडी नाही त्यामुळे एका रेषेत आणायचा प्रश्नच नाही. कंबळात एकेक सोडून घड्याळावर निकाल का लावत नाहीत? लेझर आहेच म्हणता ना.

कार्कळकर :
सोलकढी, मग ते कंबळच राहणार नाही असं म्हणतील लोक. दोन जोड्या शेजारी पळण्यातच सगळी मजा. पण पहिल्या फेरीपुरतं करता येईल. शे-दीडशे जोड्या येतात, पहिल्या फेरीतच रात्र संपते. पहिली फेरी एकेकटी घड्याळावर, मग वरच्या आठ-सोळा जोड्या समोरासमोर. माझ्या चुलत्यांना हे सांगून बघेन, शिव्या खायची तयारी ठेवून.

दख्खनी_म्हैस :
कोल्हापूरकर हजर. आमच्याकडं पाडव्याला म्हशी पळवतात, शिंगं रंगवून, गळ्यात कवड्यांच्या माळा घालून. मालक सायलेन्सर काढलेल्या बुलेटवर पुढं, फाड फाड फाड, आणि म्हैस त्या आवाजामागं धावत. चाबूक नाही, दोर नाही. स्वतःच्या गाडीचा आवाज ओळखते ती. ज्यांना वाटतं म्हैस मारल्याशिवाय धावतच नाही त्यांनी एकदा दिवाळीत या. (शेजारच्यांच्या कानांचं काय होतं तो वेगळा धागा काढा.)

घाटावरची :
हे मला माहीत नव्हतं, भारी आहे. पण यातून माझाच मुद्दा सिद्ध होतो, चाबकाशिवाय धावू शकते तर मग चाबूक कशाला?

दख्खनी_म्हैस :
मी कुठं म्हटलं चाबूक पाहिजे.

मंगळूरची_सून :
मला एक वेगळीच गोष्ट टोचते आणि कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. जनावरांची दया चाललीये, चालू दे, पण कंबळाच्या आदल्या रात्री कोरगा या आदिवासी समाजाच्या माणसांना त्याच चिखलात पळवायचे, रेड्यांच्या पायाला काही लागू नये म्हणून आधी माणसांनी जायचं. रात्रभर ढोल पण त्यांनीच वाजवायचे. त्यांना पायरीपाशी पण येऊ द्यायचे नाहीत ते वेगळंच. याला अजलु म्हणतात, आणि २००० साली कर्नाटकानं खास कायदा करून ती प्रथा बंद केली. म्हणजे 'परंपरा जशीच्या तशी' असं जे म्हणतात त्यांनी बघावं, परंपरेतला एक भाग कायद्यानं कापून काढला आणि कंबळ काही मेलं नाही. सासरी हे बोलले तर सगळे ताटाकडे बघायला लागतात.

तांबडी_माती :
मंगळूरची_सून, धन्यवाद. अण्णांच्या घरी यातलं अक्षरही कुणी काढलं नाही.

कार्कळकर :
खरं आहे ते. आमच्या आजोबांनी पाहिलेलं.

मिरचीचा_ठेचा :
आणि बेंगळुरूचं काय? नोव्हेंबर २०२३ ला पॅलेस ग्राउंडवर ट्रॅक खोदून कंबळ केलं, दीडशेच्या वर जोड्या लॉरीतून साडेतीनशे किलोमीटर नेल्या, घाट चढवून. तिथे कुठलं शेत, कुठला भूत, कुठलं पीक निघालं होतं? नेत्यांचे कटआउट तेवढे पिकले होते.

गुरांचा_डॉक्टर :
प्रवास हा स्वतंत्र ताण आहे. लॉरीत उभं राहून तोल सांभाळण्यातच जनावराची शक्ती जाते. रस्त्यात उतरवून पाणी-विश्रांती दिली तरी पोचल्याच्या दिवशी पळवायला मी तरी सही करणार नाही.

कार्कळकर :
बेंगळुरूला जाऊन आलेल्या मालकांना अभिमान आहे, सांगून ठेवतो. राजधानीनं आमचा खेळ बघितला म्हणून. पण माझं मत मिरचीच्या बाजूनं. भाताच्या शेतातलं शेतात राहू दे.

खेडचा_बारीवाला :
इथं तरी सगळ्यांचं एकमत दिसतंय, स्क्रीनशॉट काढून ठेवा.

तांबडी_माती :
आत्तापर्यंतच्या चर्चेवरून मला जे करण्यासारखं वाटतं ते लिहिते. सुरुवातीच्या टोकाला एक मोठं डिजिटल घड्याळ, पब्लिकला दिसेल असं. जोडी ट्रॅकमध्ये उतरली की चालू. ठरलेल्या मिनिटांत सुटली नाही तर ती फेरी बाद, मालक कितीही मोठा असो. समितीला हे बजेटमध्ये जड नाही, फटाक्यांवर जास्त जातं. मुख्य म्हणजे माइकवाल्याला नाइलाजाने मिनिटं वाचून दाखवावी लागतील. वेळेवर बाद होणार म्हटल्यावर मालकच रेड्याला शांतपणे उभं राहायला शिकवतील, आत्ता शिकवायची गरजच पडत नाही कारण वाट बघायला सगळे तयार आहेत.

गुरांचा_डॉक्टर :
+१. फक्त उलटाही परिणाम होऊ शकतो हे धरून चाला. घड्याळ संपत आलं की शेवटच्या मिनिटाला जास्त मारतील. म्हणून सुरुवातीच्या टोकाला चाबूक पूर्ण बंद, तो पळवणाऱ्याच्या हातात सुटल्यावरच, आणि तोही नसेल तर उत्तमच. आणि संध्याकाळनंतर फटाके नाहीत.

घाटावरची :
मी अजूनही विरोधातच आहे, नोंद असू दे. पण समजा घड्याळ लावायचंच ठरलं, तर बंद कोण करणार आणि चालू कोण करणार? समितीत कोण आहेत, मालकच. मालकच पोलीस, मालकच न्यायाधीश.

वकील_नसलेला :
परवानगी प्रशासन देतं. परवानगीच्या पत्रातच अट टाकली की घड्याळ सरकारी पशुवैद्यकाच्या ताब्यात, तर समितीचा प्रश्न येत नाही. नवीन कायदा पण लागत नाही. कुणीतरी अर्ज करायला पाहिजे फक्त, आणि तो बाहेरच्या संस्थेनं करण्यापेक्षा जोडीच्या मालकानं केला तर त्याला वजन येईल.

तांबडी_माती :
अण्णांना विचारते. ते 'बघू या' म्हणतील, म्हणजे नाही. पण त्यांचा मुलगा हो म्हणेल असं वाटतंय, त्या रात्री तोही माझ्या बाजूलाच उभा होता.

कार्कळकर :
मुलाला माझा मेसेज द्या. अर्ज कन्नडमध्ये मी लिहून देतो, पण पावसाळ्यातच द्यायला हवा. ऑक्टोबरला तारखा जाहीर झाल्या की मग कुणी ऐकत नाही.